स्वीप, स्वाइप, वाइप आणि मंडळी : अर्थ पाठ न करता ओळखायचे कसे

भाषांतराची कामं घ्यायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. एका हेरगिरीच्या मालिकेसाठी मराठी सबटायटल्स लिहायची होती. वाक्य अगदी साधं होतं : ‘दे स्वेप्ट द रूम फॉर बग्ज.’ स्वीप म्हणजे झाडणं, बग म्हणजे किडा, एवढं शाळेपासून पक्कं. मी लिहिलं, ‘त्यांनी ढेकणांसाठी खोली झाडून काढली.’ पडद्यावर सूट घातलेली दोन माणसं भिंतीवरून कसलंसं यंत्र फिरवतायत आणि खाली माझे ढेकूण! तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली आणि शेजारी एकच शब्द लिहिला : ‘झाडाझडती’. तिथे बग म्हणजे लपवलेला मायक्रोफोन होता आणि स्वीप म्हणजे तो सापडावा म्हणून खोलीचा कानाकोपरा तपासणं.

ढेकणांवरून पुढे बरेच दिवस चेष्टा झाली. मला मात्र त्या लाल शब्दानं जास्त विचारात पाडलं. इंग्रजी ‘झाडण्या’पासून ‘कसून शोधण्या’पर्यंत गेली, हे मला विचित्र वाटत होतं. पण मराठीही नेमक्या त्याच वाटेनं गेली आहे की! झाडाझडतीत झाडू नसतो. आपण धूळ झाडतो, अंग झाडतो, गोळीही झाडतो, कोर्टानं ताशेरे झाडले असं म्हणतो. ‘पुसणं’ तर त्याहून वरचढ. डोळे पुसतो, पाटी पुसतो, तोंडाला पानं पुसतो आणि कुणी विचारत नसेल तर ‘मला कोण पुसतंय’ म्हणतो. हे सगळं कुणी आपल्याला यादी करून शिकवलं नाही. मग इंग्रजीतल्या अशा शब्दांच्या याद्या तरी का पाठ करायच्या?

स्वीप, स्वाइप, वाइप, ब्रश, डस्ट, मॉप, स्क्रब, स्वूप असे शब्द बातमीत, कॉमेंट्रीत, ऑफिसच्या ईमेलमध्ये भेटले की ज्यांना अडखळायला होतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पायऱ्या मोजून तीनच आहेत. बाकीचा सगळा सराव.

पहिली पायरी : शब्दकोश मिटा, हात हलवा

हे अक्षरशः करायचं आहे. उभे राहा आणि हातात लांब दांड्याचा झाडू आहे असं समजून एकदा झाडून बघा. हात खांद्यापासून फिरतो, कमानीसारखा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि झाडू निवड करत नाही. कागदाचा कपटा, केस, हरवलेलं बटण, सगळं एकाच सुपलीत जातं. पल्ला मोठा आणि मधे येईल ते सगळं सोबत. स्वीपचे जवळपास सगळे अर्थ या दोन गोष्टींतून निघतात.

आता मांजर पंजा मारतं तसा हात मारा. एकदाच, झटकन, आडवा. लागला तर लागला. हा स्वाइप. मग टेबलावर तळहात दाबून पुढे-मागे फिरवा. हा वाइप. यात हात पृष्ठभागाला सोडत नाही. शेवटी टेबल राहतं, टेबलावरचं जातं. बाहीवरचा दोरा बोटांच्या टोकांनी हलकेच उडवा, तो ब्रश. इथे स्पर्श ओझरता आहे आणि हा ‘ओझरता’ शब्द लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे. उंचावरून घार खाली येते आणि पिल्लू उचलून वर जाते, तो स्वूप. तव्यावरचं करपलेलं दातओठ खात घासता, तो स्क्रब. सांडलेलं पाणी टिपून घेता, तो मॉप.

जाता जाता एक गंमत. इंग्रजीत हवेतून फिरणाऱ्या कितीतरी हालचाली ‘स्व’नं सुरू होतात : स्वीप, स्वाइप, स्वूप, स्विंग, स्वे, स्वर्ल, स्विश. आपल्याकडे हे काम ‘झ’ करतो : झाडणं, झटकणं, झडप, झेप, झोका, झुलणं, झपकन. हा काही व्याकरणाचा नियम नव्हे. पण अनोळखी ‘स्व’ दिसला की ‘इथे काहीतरी फिरतंय’ असा अंदाज बांधायला हरकत नाही. बऱ्याचदा तो बरोबर निघतो.

दुसरी पायरी : हात कशावर फिरतोय ते पाहा

‘टेबल पूस’ आणि ‘सांडलेलं दूध पूस’ ही दोन्ही वाक्यं आपण रोज बोलतो. एकात पुसायची जागा आहे, दुसऱ्यात पुसून टाकायची वस्तू. टेबल पुसलं तरी जागेवर राहतं, दूध राहत नाही. मराठी कानाला हा फरक जाणवतही नाही. इंग्रजीतही तसंच चालतं. फक्त वस्तू घालवायची असेल तर ती कुठे गेली हे सांगणारा एखादा छोटा शब्द बहुधा सोबत येतो. ‘वाइप द टेबल’, पण ‘वाइप द मिल्क ऑफ द टेबल’. ‘स्वीप द फ्लोअर’, पण ‘स्वीप अप द ग्लास’.

ही बारकाई वाटते, पण बातमीचं भाषांतर करताना तिच्यावर गावंच्या गावं अवलंबून असतात. ‘फ्लड्स स्वेप्ट द व्हिलेज’ म्हणजे पुराचा गावाला तडाखा बसला. ‘फ्लड्स स्वेप्ट अवे द व्हिलेज’ म्हणजे गाव वाहून गेलं. पहिल्या वाक्यात गाव ही जागा आहे, दुसऱ्यात वस्तू. मधला ‘अवे’ नजरेतून सुटला तर वाहून गेलेलं गाव तुमच्या मराठीत जागच्या जागी उभं राहील, आणि उगीच वाचला तर उभं गाव वाहून जाईल.

तिसरी पायरी : पुढचा छोटा शब्द सोडू नका

नवशिका माणूस क्रियापद शोधतो आणि ऑफ, आउट, अप, थ्रू हे शेपूट समजून सोडून देतो. या कुटुंबात अर्थाची किल्ली बहुतेक वेळा शेपटातच असते. याची चांगली परीक्षा स्वीप घेतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

‘फायर स्वेप्ट थ्रू द फॅक्टरी’ : आग कारखानाभर भराभर पसरली. थ्रू आला की आरपार, आतून. आग, साथीचा आजार, अफवा या तिन्हींना हे चालतं. ‘प्रोटेस्ट्स स्वेप्ट ॲक्रॉस द कंट्री’ : आंदोलनाचं लोण देशभर पसरलं. ॲक्रॉसमध्ये पृष्ठभागावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणं आहे. ‘लोण’ हा आपला शब्द तिथे असा बसतो की शब्दकोशाकडे पुन्हा वळावंसं वाटत नाही.

‘स्वेप्ट फॉर’ म्हणजे कशासाठी तरी झाडाझडती. ढेकणांचा किस्सा आठवा. ‘स्वेप्ट टू पॉवर’ म्हणजे दणदणीत मतांनी सत्तेत आले. इथे आपण ‘लाटेवर स्वार होऊन’ म्हणतो, तेव्हा वाहून नेणारं पाणी आपल्याही डोळ्यांसमोर असतंच. ‘स्वीप असाइड’ म्हणजे आक्षेप, सूचना, विरोध उडवून लावणं. ‘स्वीप अंडर द कार्पेट’ म्हणजे केर सतरंजीखाली ढकलणं, अर्थात गैरप्रकार दडवणं. याला आपल्याकडे सतरंजी नाही, पांघरूण आहे. प्रकरणावर पांघरूण घालतात. इंग्रजी गालिचा उचलून मराठीत आणू नका, घरचं पांघरूण जास्त उबदार आहे.

काही वाक्यांत हात नसतोच, फक्त त्याचा डौल उरतो. ‘शी स्वेप्ट आउट ऑफ द रूम’ : ती तोऱ्यात खोलीबाहेर पडली. पदराचा किंवा झग्याचा घोळ जमिनीवरून सरकतोय असं चित्र त्यात आहे, म्हणून नुसतं ‘निघून गेली’ लिहिलं तर अर्धं चित्र हरवतं. ‘हिज आइज स्वेप्ट द रूम’ : त्यानं खोलीभर नजर फिरवली. ‘द रोड स्वीप्स अराउंड द लेक’ : रस्ता तळ्याला मोठा वळसा घालून जातो. रस्ता हलत नाही, पाहणाऱ्याची नजर फिरते.

‘स्वीपिंग’ हे विशेषण मात्र दगा देतं. ‘स्वीपिंग चेंजेस’ म्हणजे आमूलाग्र बदल, ‘स्वीपिंग पॉवर्स’ म्हणजे व्यापक अधिकार. ‘स्वीपिंग स्टेटमेंट’ म्हणजे सरसकट विधान, आणि हे दूषण आहे. झाडू निवड करत नाही, हे आधी म्हटलं ना? बदल करताना काही शिल्लक न ठेवणं हे कधी कौतुकाचं असतं, बोलताना मात्र सगळ्यांना एकाच मापानं मोजलं की तो दोष ठरतो. हालचाल तीच आहे, शेजारचं नाम बदललं की रंग बदलतो.

मैदानावरचा झाडू

क्रिकेट पाहणाऱ्याला स्वीप वेगळा शिकवावा लागत नाही. एक गुडघा टेकवून, बॅट जमिनीलगत आडवी फिरवून चेंडू लेगच्या बाजूला झाडून टाकायचा, बहुधा फिरकीवर. उलट्या बाजूला झाडला की रिव्हर्स स्वीप. 1987च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग ॲलन बॉर्डरच्या पहिल्याच चेंडूवर हाच फटका खेळायला गेला आणि यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परतला. ऑस्ट्रेलियानं तो सामना 7 धावांनी जिंकला. तेव्हापासून कित्येक वर्षं रिव्हर्स स्वीप म्हटलं की गॅटिंग, असं समीकरणच झालं. आज तोच फटका शाळकरी मुलंही बिनधास्त खेळतात.

कॉमेंट्री ऐकताना एक फरक टिपा. ‘स्वीप’ म्हटलं तर तो ओळखीचा, शिकलेला फटका. ‘अ वाइल्ड स्वाइप’ म्हटलं तर समालोचकानं नाक मुरडलंय. फलंदाजानं डोळे मिटून आडवी बॅट फिरवली, असा त्याचा अर्थ. फरक हात हलवून बघितला होता तोच : एकात पल्ला आणि ताबा, दुसऱ्यात नुसता झटका.

‘क्लीन स्वीप’ म्हणजे मालिकेतले सगळे सामने किंवा स्पर्धेतली सगळी पदकं खिशात. मराठी क्रीडा पानांवर यासाठी ‘निर्भेळ यश’ वर्षानुवर्षं छापून येतं आणि मला ते ‘क्लीन स्वीप’पेक्षा देखणं वाटतं. फुटबॉलमधला ‘स्वीपर’ हा बचावफळीच्याही मागे उभा राहून निसटलेला चेंडू झाडून काढणारा खेळाडू. जर्मनीचा फ्रान्झ बेकनबाउअर या जागेचा बादशहा. आणि कर्लिंग नावाच्या बर्फावरच्या खेळात तर खराखुरा ब्रश असतो. घसरत निघालेल्या जड दगडापुढे दोन खेळाडू जिवाच्या आकांतानं बर्फ घासतात. त्यानं घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. त्यालाही स्वीपिंगच म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना, आता मात्र टक लावून बघत बसते.

समुद्रावर ‘माइनस्वीपर’ म्हणजे पाण्यातले सुरुंग हटवणारं जहाज. जुन्या पद्धतीत ते कापणारी लांब तार ओढत न्यायचं, सुरुंगांचे दोर तुटून ते वर तरंगायचे आणि मग नष्ट केले जायचे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा शब्द 1992च्या विंडोज 3.1सोबत आलेल्या खेळामुळे माहीत झाला. त्या राखाडी चौकोनांवर तासन् तास क्लिक करताना त्यात ‘झाडणारा’ कुणी आहे, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

बँकेतही झाडू आहे बरं का. ‘ऑटो स्वीप’ म्हणजे खात्यात ठरलेल्या मर्यादेवर साठलेली रक्कम आपोआप मुदत ठेवीत लोटली जाणं. केर लोटणं आणि पैसे लोटणं, क्रिया एकच.

स्वाइप : एका फटक्याचे चार धंदे

स्वाइपचा मूळ फटका तुम्ही हातानं करून पाहिलात. त्यातून पहिला निघाला तो टोला. ‘टेक अ स्वाइप ॲट समवन’ म्हणजे बोलता बोलता कुणाला तरी टोला हाणणं. हे बातम्यांच्या मथळ्यांचं लाडकं वाक्य आहे. तिथे ‘हल्ला चढवला’ लिहू नका, तेवढा जोर त्यात नाही.

दुसरी चोरी. ‘समवन स्वाइप्ड माय पेन.’ आपण म्हणतो, ‘कुणीतरी पेनवर हात मारला.’ बघा, हात इथेही आहे. हा बोलीतला शब्द आहे, पोलिसांकडच्या तक्रार अर्जात लिहायचा नाही. गाड्यांच्या अपघातात ‘साइडस्वाइप’ म्हणजे एक गाडी दुसरीच्या बाजूला घासत जाणं.

तिसरं कार्ड. कार्डाच्या मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती वाचायला ते खाचेतून झर्रकन ओढावं लागायचं, म्हणून स्वाइप. आता चिप आली, कार्ड आत खुपसतात किंवा नुसतं टेकवतात, तरी काउंटरवरचा माणूस ‘स्वाइप करू का?’ असंच विचारतो. हालचाल गेली, नाव राहिलं. आपण अजून फोन ‘लावतो’ आणि ‘ठेवतो’, तसंच.

चौथा फोनचा पडदा. इथे सूचना नीट वाचा. ‘टॅप’ म्हणजे टिचकी, ‘ड्रॅग’ म्हणजे वस्तू पकडून ओढत नेणं, ‘स्वाइप’ म्हणजे बोट टेकवून एका दिशेला झटक्यात सरकवणं. ‘स्वाइप अप’ असेल आणि तुम्ही सावकाश ओढत बसलात तर काहीतरी भलतंच उघडतं. 2012मध्ये आलेल्या टिंडर या जोडीदार शोधायच्या ॲपनं उजवीकडे सरकवणं म्हणजे पसंत आणि डावीकडे म्हणजे नापसंत अशी सवय लावली. आता लोक घर, नोकरी, अगदी पडद्याचं कापडसुद्धा ‘स्वाइप राइट’ करतात.

वाइप : जागा राहते, खूण जाते

गाडीच्या काचेवरचा वायपर सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी 1903 साली काचेवर आतून दांडा फिरवून चालवायच्या वायपरचं पेटंट घेतलं. काच राहते, पाणी जातं. वाइपचं सगळं शहाणपण यात आलं.

‘वाइप द डिस्क’ म्हणजे डिस्क राहते, त्यावरची माहिती पुसली जाते. हा प्रयोग फितींच्या काळापासूनचा. बीबीसीनं 1960 आणि 1970च्या दशकांत आपल्या कितीतरी कार्यक्रमांच्या फिती अशा वाइप करून पुन्हा वापरल्या, आणि नंतर हळहळत बसायची पाळी आली. म्हणून जुना फोन कुणाला देताना ‘डिलीट’ आणि ‘वाइप’ यात गल्लत करू नका. डिलीट एखाद्या फाइलचं होतं, वाइप अख्ख्या फोनचं.

‘वाइप आउट’ म्हणजे नामोनिशाण मिटवणं. कर्ज फिटलं तरी ‘वाइप्ड आउट’, गाव उद्ध्वस्त झालं तरी ‘वाइप्ड आउट’, आणि दिवसभर राबून अंगात त्राण उरलं नाही तरी ‘आय ॲम वाइप्ड आउट’. लाटेवर सर्फिंग करणारा फळीवरून आपटला की तो ‘वाइपआउट’. ‘वाइप द स्लेट क्लीन’ला मराठी जोडीदार शोधावाच लागत नाही, आपण पाटी कोरी करतो. ‘वाइप द फ्लोअर विथ समवन’ म्हणजे समोरच्याला इतकं हरवणं की जणू त्याचाच पोछा करून फरशी पुसली. मराठीत धुव्वा उडवतो किंवा सरळ ‘धुतलं’ म्हणतो. साफसफाईतच राहिलो बघा, फक्त फडक्याऐवजी पाणी आलं.

ब्रश : ओझरतं

‘अ ब्रश विथ डेथ’ या वाक्यानं एका विद्यार्थ्याला छळलं होतं. दात घासायच्या ब्रशपासून तो मृत्यूपर्यंत पोचूच शकत नव्हता. ‘ओझरता’ म्हटल्याबरोबर पोचला. मृत्यूचा ओझरता स्पर्श. आपण मरणाच्या दारातून परत येतो. ‘अ ब्रश विथ द लॉ’ म्हणजे पोलिसांशी छोटीशी गाठ पडलेली, शिक्षा झालेलीच असेल असं नाही. ‘ब्रश पास्ट’ म्हणजे कुणाला चाटून पुढे जाणं.

‘ब्रश ऑफ’ आणि ‘ब्रश अप’ यांत नवशिके हमखास गोंधळतात. ऑफ म्हणजे अंगावरून झटकून टाकणं. माणूस असेल तर त्याची बोळवण करणं, ‘गिव्ह द ब्रश-ऑफ’ म्हणजे वाटाण्याच्या अक्षता लावणं. अप म्हणजे गंजलेली विद्या घासूनपुसून लख्ख करणं, उजळणी. ‘आय नीड टू ब्रश अप ऑन माय इंग्लिश’मधला ‘ऑन’ विसरू नका. ‘टार्ड विथ द सेम ब्रश’ला ‘एकाच माळेचे मणी’ जवळचं आहे, पण इंग्रजीत त्या माणसावर थोडा अन्याय झालाय असा सूर असतो, आपल्या मण्यांना तो नाही.

डस्ट : काढतो की घालतो?

हा शब्द सरळ दोन्ही तोंडांनी बोलतो. ‘डस्ट द शेल्फ’ म्हणजे फळीवरची धूळ काढा. ‘डस्ट द केक विथ शुगर’ म्हणजे केकवर साखर भुरभुरवा. बोटांचे ठसे शोधणारे ‘डस्ट फॉर प्रिंट्स’ करतात, तेव्हा तेही पूडच घालत असतात, ठसे दिसावेत म्हणून. विमानातून पिकांवर औषध फवारणं म्हणजे ‘क्रॉप डस्टिंग’. ओळखायची खूण सोपी आहे : पुढे ‘विथ’ आणि एखादी पूड आली तर घालणं, नुसतं सामान आलं तर काढणं.

‘डस्ट ऑफ’ म्हणजे माळ्यावरून काढून पुन्हा वापरात आणणं, मग ती सायकल असो की जुना प्रस्ताव. ‘डन अँड डस्टेड’ म्हणजे काम पुरतं हातावेगळं.

बाकीची मंडळी, उभ्या उभ्या

स्वूपमध्ये पोलिसांची धाड येते : झडप घालणं. ‘इन वन फेल स्वूप’मधला ‘फेल’ हा नापास होण्यातला नव्हे, हा जुना शब्द आहे, अर्थ क्रूर. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये बायकामुलं मारली गेल्याचं कळल्यावर मॅकडफ मारेकऱ्याला नरकातली घार म्हणतो आणि तिथे हे शब्द येतात. आज त्यातलं दुःख उडून गेलंय, उरलंय फक्त ‘एका फटक्यात’. स्वीप आणि स्वूप एकाच जुन्या मुळातले, त्यामुळे कुणी ‘वन फेल स्वीप’ म्हणालं तर रागावू नका, पण तुम्ही म्हणू नका.

स्क्रबमध्ये दवाखान्यातले कपडे येतात (‘स्क्रब्ज’), खुरटी झुडपंही येतात, आणि रद्द होणंही. अंतराळयानाचं उड्डाण ‘स्क्रब्ड’ म्हणजे त्या दिवसापुरतं रद्द. नासाच्या आर्टेमिस 1 या चंद्रमोहिमेचं उड्डाण 2022 साली 29 ऑगस्टला आणि पुन्हा 3 सप्टेंबरला स्क्रब झालं, यान उडालं 16 नोव्हेंबरला. मॉप अप म्हणजे निस्तरणं. अर्थविषयक बातमीत मध्यवर्ती बँक बाजारातला जादा पैसा ‘मॉप अप’ करते, म्हणजे टिपून घेते. रेक म्हणजे दाताळं. ‘रेक इन मनी’ला आपण खोऱ्यानं पैसा ओढतो म्हणतो, आणि ‘रेक अप द पास्ट’ला जुनी मढी उकरतो.

कानाला सारखे, डोक्याला ताप

देवनागरीत लिहिताना काही शब्द एकमेकांत मिसळतात. ‘स्वॅप’ म्हणजे अदलाबदल. ‘सिम स्वॅप’ हा फसवणुकीचा प्रकार आहे, त्यात कार्ड कुणी घासत नाही. ‘स्वॉब’ म्हणजे नाकातला नमुना घ्यायची कापसाची काडी, आणि जहाजावर डेक पुसायचा मॉपसुद्धा. ‘स्वॉट’ तर तीन आहेत. एक माशी मारण्याचा फटका. दुसरा ब्रिटिश शाळकरी शब्द, घोकंपट्टी करणारा (हा ‘स्वेट’ म्हणजे घामाचा भाऊ). तिसरा ऑफिसमधला, ताकद, उणिवा, संधी आणि धोके यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा. इंग्रजीत पहिल्याचा स्वर निराळा लिहितात, आपल्या लिपीत तिघं एकाच नावानं हजेरी लावतात. मीटिंगमध्ये ‘स्वॉट करूया’ म्हटल्यावर माशी शोधू नका.

भूतकाळाचं एकच सांगते : स्वीपचं ‘स्वेप्ट’ आणि स्विंगचं ‘स्वंग’. बाकी सगळे सरळमार्गी, ‘ड’ किंवा ‘ट’च्या उच्चारानं संपणारे. ‘स्वीप्ड’ असा शब्द नाही. आणि स्वीपमधली ई दीर्घ ओढा, ती ऱ्हस्व झाली तर ऐकणारा दोनदा विचारेल.

वहीत लिहायचं कसं

‘स्वीप = झाडणे, पसरणे, शोधणे, जिंकणे’ अशी ओळ लिहू नका. ती तुम्ही पुन्हा वाचणार नाही. वाचली तरी वाक्य समोर आल्यावर चारातलं कुठलं, ते ती सांगणार नाही. अख्खं वाक्य लिहा, त्यातल्या छोट्या शब्दाखाली रेघ ओढा आणि शेजारी मराठीतला असा वाक्प्रचार लिहा जो तुम्ही स्वतः तोंडानं वापरता. पांघरूण, झाडाझडती, पाटी कोरी. वाक्प्रचार सुचला नाही तर जागा मोकळी सोडा. माझ्या वहीत ‘स्वेप्ट ऑफ हर फीट’पुढची जागा कितीतरी महिने मोकळी होती. लाटेनं पाय उचलले गेले हे सोपं, पण प्रेमात पडल्यावरचं? एकदा बसमधल्या दोन मुलींचं बोलणं कानावर पडलं, ‘अगं, ती पार वाहवत गेलीय.’ घरी येऊन आधी ते लिहिलं, मग चहा.

आता पाच वाक्यं घ्या. आधी उत्तरं झाकून प्रयत्न करा.

‘द न्यूज वाइप्ड द स्माइल ऑफ हर फेस.’ चेहरा राहिला, हसू गेलं : बातमी ऐकून तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

‘अ रूमर स्वेप्ट थ्रू द ऑफिस.’ थ्रू आहे, म्हणजे आतून आरपार : ऑफिसभर कुजबूज पसरली.

‘ही ब्रश्ड असाइड ऑल क्रिटिसिझम.’ त्यानं टीका झटकून टाकली. हलकेच झटकली, म्हणून ‘धुडकावली’ जरा जड होईल.

‘डस्ट द बोर्ड विथ फ्लाउर.’ विथ आणि पूड : पोळपाटावर पीठ भुरभुरवा. पोळपाट झटकायला निघालात तर तिसरी पायरी परत वाचा.

‘समवन स्वाइप्ड माय कार्ड.’ कार्ड यंत्रातून ओढलं की लंपास केलं? एवढ्यावरून सांगता येत नाही आणि इंग्रजी बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही. तोही पुढच्या वाक्याची वाट बघेल. पुढे ‘अँड गेव्ह मी द रिसीट’ असेल तर पावती घ्या. ‘अँड रॅन’ असेल तर बँकेला फोन लावा.